औषधाचा नेम, रुग्णाचा नेम

पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या प्रोस्टेटच्या, कर्करोगावरील नव्या औषधांना मराठीत ‘लक्ष्यवेधी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. सरसकट सर्व पेशींवर मारा न करता कर्कपेशीची एखादी खूण हेरून तिच्यावर नेम धरणारी औषधे, असा या शब्दाचा आशय. मराठीत मात्र ‘नेम’ला दुसराही अर्थ आहे, तो वारी न चुकवणाऱ्याच्या किंवा चातुर्मास पाळणाऱ्या बाईच्या नेमाचा, आणि रोग ग्रंथीबाहेर पडून हाडांपर्यंत पोहोचलेल्या रुग्णाच्या वाट्याला प्रामुख्याने हा दुसरा नेम येतो. औषधाचा नेम कितपत लागला हे स्कॅनमध्ये दिसते, रुग्णाचा नेम मात्र घरच्यांखेरीज कोणाला दिसत नाही.

नवी मुंबईत हा विषय फार दूरचा नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९८५ साली सुरू झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत, अशाच एका औषधात वापरले जाणारे ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी समस्थानिक तयार केले जाते. खाडीच्या अलीकडे वाशीला अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ या मंडळाचे संकुल असून तेथून किरणोत्सारी औषधे देशभरच्या रुग्णालयांना जातात. आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था २००२ पासून उभी आहे. वाशीत उभी हयात काढलेल्या पुष्कळांच्या हे गावीही नसते, आणि घरातल्या कोणाची फाइल जाड होऊ लागली की मगच हा नकाशा उलगडतो.

रोगाची सुरुवात बहुधा दुसऱ्याच नावाने होते. साठी ओलांडलेल्या गृहस्थाला रात्री चार-पाच वेळा उठावे लागते, त्याला घरात ‘लघवीचा त्रास’ म्हणतात, आणि वयोमानाने प्रोस्टेट वाढणारच म्हणून तो अंगावर काढला जातो. कंबरदुखी मणक्यात उतरलेल्या रोगाची होती, हे कळेपर्यंत वेळ गेलेला असतो. या कर्कपेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकावर पोसल्या जातात, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे आजही पहिली पायरी संप्रेरक तोडण्याचीच असते. त्यासाठी ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन घेता येते किंवा एकदाच शस्त्रक्रिया करून वृषण काढता येतात. दुसरा मार्ग स्वस्त पडतो, आणि हप्त्यांचा हिशेब मांडून अनेक जण तोच पत्करतात. नातेवाइकांना मात्र ‘छोटे ऑपरेशन झाले’ एवढेच सांगितले जाते. नंतर अंगातून उठणाऱ्या गरम वाफा, गळणारे स्नायू, सुटणारे पोट आणि कारण नसताना भरून येणारे डोळे यांबद्दल पुरुष सहसा बोलत नाहीत, आणि डॉक्टरांनीही विचारले नाही तर ते तसेच राहून जाते.

पुढे संप्रेरक तोडूनही रोग वाढू लागला, तर त्या अवस्थेला वृषणछेद-रोधी कर्करोग म्हणतात. अबिराटेरोन ही गोळी अशा अवस्थेत दिली जाऊ लागली, आणि आता ती त्याआधीच्या टप्प्यावरही देतात. वृषणांखेरीज अधिवृक्क ग्रंथींत आणि खुद्द गाठीतही होणारी संप्रेरकाची निर्मिती ती एका विकराला अडवून थांबवते. त्याच फेऱ्यात शरीराला हवे असलेले कॉर्टिसोलही घटते, म्हणून सोबत प्रेडनिसोलोन घ्यावे लागते. रूढ मात्रा दिवसाला १००० मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या चार गोळ्या, आणि त्याही अनशापोटी: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नाही, कारण तेलातुपाच्या जेवणाबरोबर हे औषध कितीतरी पटींनी अधिक शोषले जाते. ज्या माणसाची पहाट चाळीस वर्षे दुधाच्या चहाने उजाडली, त्याला घड्याळ समोर ठेवून पाण्यावर तासभर बसावे लागते. पत्नी आपलाही चहा तोवर करत नाही, आणि असा एका गोळीचा नेम दोन माणसे पाळू लागतात. अन्नाबरोबर शोषण वाढते हाच दुर्गुण उपयोगात आणून, न्याहारीबरोबर २५० मिलिग्रॅमची एकच गोळी घेतली तर पीएसए या रक्तातल्या रोगखुणेवर तिचा परिणाम तेवढाच होतो का, हे तपासणारा छोटा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचे उत्तर होकारार्थी आले. औषधाचा खर्च खिशातून करणाऱ्या देशात या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगायला नको. अर्थात मात्रा बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचाच.

ल्युटेशियमचा उपचार या सर्वांत अधिक नेमका मानला जातो. प्रोस्टेटच्या कर्कपेशींच्या आवरणावर पीएसएमए नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते (रुग्ण त्याची आणि रक्तातल्या पीएसएची हमखास गल्लत करतात, आणि ती करण्यासारखीच नावे आहेत). या प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूला आधी गॅलियम-६८ जोडून पेट स्कॅन काढतात. लक्ष्य पुरेसे उजळले तरच त्याच धर्तीच्या रेणूला ल्युटेशियम-१७७ जोडून शिरेतून देतात. त्यातून निघणारे बीटा कण ऊतींत फार तर दोन मिलिमीटर जातात, आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ, सुमारे साडेसहा दिवसांचे असते. दोन सुयांमध्ये साधारण सहा आठवड्यांचे अंतर असते. तेवढ्यात मूळ किरणोत्साराचा जेमतेम सव्वा टक्का उरतो.

सुई टोचण्याचे काम काही मिनिटांचे. खरा अनुभव त्यानंतरचा. रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवले जाते, परिचारिका कामापुरत्या आत येतात, मोजणीचे यंत्र दारातून रोखले जाते, आणि आकडा मर्यादेखाली आला की घरी सोडतात. सोबतच्या सूचना अशा: भरपूर पाणी प्यावे, लघवी बसूनच करावी, दोनदा पाणी ओतावे, शक्यतो संडास वेगळा वापरावा, काही दिवस वेगळे झोपावे, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून अधिक दिवस लांब राहावे. या सूचना शास्त्राला धरून आहेत, पण त्या लिहिताना कोणाचे घर डोळ्यांसमोर होते, असा प्रश्न पडतो. सिडकोच्या वन रूम किचनमध्ये मुलगा, सून आणि नातवंडासह राहणाऱ्या माणसाने वेगळा संडास आणायचा कोठून? मग आजोबा स्वयंपाकघराच्या टोकाला अंथरूण टाकतात, नातवाला आत्याकडे पनवेलला पाठवले जाते, आणि ताट-वाटी निराळी ठेवली जाते. ज्या पिढीतल्या पुरुषांनी घरातल्या बायकांना महिन्यातले चार दिवस बाजूला बसलेले पाहिले, त्यांच्यावर उतारवयात बाजूला बसण्याची पाळी येते. फरक एवढाच की येथले अंतर रूढीने नव्हे, मोजमापाने ठरलेले असते.

औषधाचा नेम कोठे चुकतो, तेही रुग्णाला घासागणिक कळते. हे औषध लालाग्रंथींतही साठते, आणि मग तोंडाला कोरड पडते. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तोंडात फिरत राहतो, टाळूला चिकटतो, पाण्याच्या घोटाखेरीज उतरत नाही. मग भाकरी ताकात कुस्करली जाते, पोळीची जागा मऊ भात घेतो, आणि बाहेर पडताना पाण्याची बाटली चष्म्याइतकीच आवश्यक होते. ‘व्हिजन’ या ८३१ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले, औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांनी ही तक्रार केली होती. थकवा त्याहून अधिक जणांना आला, आणि काहींच्या रक्तपेशी घटल्या. त्याच चाचणीत आयुष्याचा मध्यांक ११.३ महिन्यांवरून १५.३ महिन्यांवर गेला. हे सर्व रुग्ण आधीची औषधे आणि किमो घेऊन चुकलेले होते. मिळालेले चार महिने थोडे की पुष्कळ, हे बाहेरच्याने ठरवू नये. मात्र ते कशाच्या बदल्यात मिळतात, हे सुईआधी आणि समजेल अशा मराठीत सांगितले गेले पाहिजे. ‘झेरोस्टोमिया होऊ शकतो’ असे छापून सही घेण्याने ते सांगून होत नाही.

म्हणून उपचार ठरवण्याच्या बैठकीतच रुग्णाने आपल्या घराचा नकाशा डॉक्टरांसमोर मांडावा: खोल्या किती, संडास किती, घरात तान्हे मूल किंवा गरोदर सून आहे का, रोजच्या जेवणात भाकरी असते की भात, आणि सकाळचा पहिला चहा किती वाजता होतो.