यंत्रातला वाद्यवृंद

आमच्या बेळगावात गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर एकाच रात्री मराठी लावणी आणि कन्नड भावगीत, दोन्ही हवीच. आमच्या वाद्यवृंदात बासरीवाला नाही की व्हायोलिनवाले नाहीत. ते सारे माझ्या लॅपटॉपमध्ये वस्तीला आहेत.

त्यांना शिस्त लावते ते २००७ साली अ‍ॅपलने आणलेले ‘मेनस्टेज’. संपूर्ण कार्यक्रम म्हणजे ‘कॉन्सर्ट’, त्यात ‘सेट’ आणि सेटमध्ये ‘पॅच’. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही खतावणीच वाटावी! मध्यंतरापूर्वी मराठीचा सेट, नंतर कन्नडचा. प्रत्येक गाण्याला स्वतंत्र पॅच, त्यात वाद्यांचे आवाज आणि आधी मुद्रित केलेली साथ. पायाने पेडल दाबले की पान उलटते.

‘मग ढोलकीही मुद्रित करू, मानधनाचा एक वाटा वाचेल,’ असे मित्र म्हणाले. हिशेब चोख होता. पण मी नकार दिला. मुद्रित साथ ठरल्या मात्रांनी पुढे जाते. गायिकेने ओळ आळवली तर ती थांबत नाही. ढोलकीवाला थांबतो, गायिकेकडे पाहतो आणि नेमका समेवर येतो. म्हणून लावणीच्या पॅचमध्ये मुद्रित साथ ठेवलेलीच नाही. तिथे तो वाजवतो आणि मी त्याच्यामागून जातो. वाटा जरा कमी मिळतो, इतकेच.