नाव हेच चित्र

मराठी नाटकाचे पोस्टर भिंतीपेक्षा वर्तमानपत्रात जास्त भेटते. नाटक एका जागी मुक्काम करत नाही. आज ठाण्याचे गडकरी रंगायतन, उद्या वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह. सीबीडी बेलापूरचा रसिक म्हणूनच वर्षानुवर्षे आधी नाटकांच्या जाहिरातींचे पान उघडत आला, वाशीचा प्रयोग हेरून मग हार्बर लोकल पकडत आला. त्या पानावर जागेचे पैसे सेंटीमीटरवर मोजले जातात. एवढ्याशा काळ्या-पांढऱ्या चौकटीत नाट्यसंस्था, लेखक, दिग्दर्शक, नटनट्या, वार, वेळ, नाट्यगृह सगळेच बसवायचे. चित्राला जागा उरत नाही, आणि चित्राचे काम नाटकाच्या नावावर येऊन पडते.

अक्षररचनाकार कमल शेडगे (1935–2020) यांनी ते काम कलेच्या पंक्तीला नेऊन बसवले. नोकरी टाइम्स ऑफ इंडियात, ओढ रंगभूमीची. ‘मत्स्यगंधा’ हे त्यांच्या सुरुवातीच्या नाट्यनामांपैकी एक. वसंत कानेटकरांचे हे संगीत नाटक गोवा हिंदू असोसिएशनने 1964 मध्ये आणले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. हे नाव नुसते कागदावर लिहून पाहिले तरी अडचण कळते. देवनागरी तीन मजल्यांवर राहते: वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, मधे अक्षर, खाली उकार. या नावात खालचा मजला रिकामाच, वर एकटा अनुस्वार, आणि मधे ‘त्स्य’ आडवा पसरलेला. टंकातल्या अक्षरांनी ते छापले तर नुसते वाचता येते. कुंचल्याने रेखले तरच त्यात कोणी व्यक्ती आहे असे वाटते. शेडगे शिरोरेषेला कायदा मानत नसत. कुठे ती तोडायची, कुठे पार काढून टाकायची, हे नाटकाच्या स्वभावावर ठरे. गंभीर नाटक आणि फार्स यांतला फरक वाचकाला लेखकाचे नाव वाचण्याआधीच कळे.

जपानमध्ये ग्राफिक डिझायनर इक्को तानाकाने (1930–2002) हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. 1981 च्या ‘निहोन बुयो’ या पोस्टरवर पारंपरिक नृत्यातला चेहरा आहे, पण तो चौकोनांच्या जाळीवर सपाट रंगांच्या भौमितिक तुकड्यांनी रचलेला. तानाकापाशी अख्खा कागद होता आणि रंगही. शेडग्यांपाशी शाई आणि दोन-चार अक्षरे. तोलामोलाचे काम दोघांचेही. पण कमी जागेतले अधिक अवघड.

आता तिकिटे मोबाइलवर निघतात आणि जाहिरातीत नटांचे चेहरे मोठे झाले आहेत. नाव बहुधा संगणकातल्या तयार फाँटमध्ये असते. हाताने रेखलेली नावे मागे पडली, तरी ‘माझी अक्षरगाथा’ या पुस्तकात शेडग्यांनी आपल्या अक्षरांची वाटचाल स्वतःच सांगून ठेवली आहे.