फेस आणि काठ

मराठीत फेसाची ओळख बहुधा ‘तोंडाला फेस येणे’ या वाक्प्रचारातून होते. कऱ्हाडकडच्या उसाच्या घरात वाढलेल्या माझी ती गुऱ्हाळावर झाली. चरकातून निघालेला रस पत्र्याच्या पन्हळीतून काहिलीकडे जाई आणि त्यावर मळकट फेसाची पट्टी सरकत असे. नीट पाहिले तर ती वाहत नसे, एकसंध गोळ्यासारखी घसरत असे. फेस आणि पत्रा यांच्यामध्ये रसाचा अतिशय पातळ थर असतो. त्या ओलाव्यावरूनच तो पुढे जातो. जोडाच्या खरखरीत जागी किंवा गंजावर फेस थबके, मागचा फेस त्याच्यावर चढे आणि रस मात्र खालून निघून जाई. थोडा जोर सोसायचा आणि मग वाहू लागायचे, असा हा घन आणि द्रव यांच्या मधला पदार्थ.

बेल्जियन शास्त्रज्ञ जोझेफ प्लातो यांनी १८७३ मध्ये फेसाचे नियम ग्रंथरूपाने मांडले. तीन पापुद्रे एकमेकांना १२० अंशांत मिळतात, गुळगुळीत भिंतीला मात्र पापुद्रा काटकोनातच टेकतो. तेव्हा प्लातोंची दृष्टी गेलेली होती. आप्त आणि सहकारी प्रयोग करीत व त्यांना वर्णन करून सांगत.

आमच्याकडच्या गुळव्यांना, ज्यांना सारे आबा म्हणत, हे कोन ठाऊक नव्हते. भेंडीच्या झाडांचा चिकट रस काहिलीत पडला की गढूळपणा फेसात बांधला जाई आणि उकळीने काठाकडे ढकलला जाई. आबा तो मोठ्या झाऱ्याने काढीत. ती मळी. ती राहिली तर गूळ काळवंडे आणि सांगलीच्या पेठेत भाव पडे. वर्षाचे गणित त्या काठावर ठरत असे. पुढे पाक दाटला की फेस कडेवरून वर चढू लागे. आबा गोडेतेलाचे चार थेंब टाकीत. तेल पापुद्र्यांत पसरून त्यांना फोडी आणि फेस बसे.

आता गुऱ्हाळे थोडी उरली. फेस मला उन्हाळ्यात कृष्णेवर दिसतो. कऱ्हाडला कोयना पोटात घेऊन ती सांगलीला येते तेव्हा पाणी आटलेले असते आणि बंधाऱ्यावरून पडताना त्यात हवा घुसळली जाते. स्वच्छ पाण्याचे बुडबुडे लगेच फुटतात. जे टिकतात त्यांना साबण, सांडपाणी किंवा कुजलेले द्रव्य धरून ठेवते. (पहिल्या पुराच्या तांबूस फेसाला दोष देऊ नये, त्यात पालापाचोळाही असतो.) १९२९ च्या आयर्विन पुलाच्या खरखरीत दगडांशी तो साचतो, पन्हळीच्या जोडाशी साचे तसाच. त्याला टिकवणारे द्रव्य खालच्या पाण्यात विरघळलेले असते. ते फेसाबरोबर दगडाशी थांबत नाही, हरिपूरच्या संगमाकडे निघून जाते. तेथे झारा चालत नाही.