एकच पत्रक, सोळा तालुके

यवतमाळ जिल्ह्यात तालुके 16. पऱ्हाटीवर फवारा सुरू व्हायच्या आत प्रत्येक तालुक्याच्या फोल्डरमध्ये मी एक पत्रक ठेवतो. हातमोजे आणि मास्क घाला, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका, औषधाचा रिकामा डबा घरात वापरू नका. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून उमरखेडच्या पत्रकात एक ओळ आहे आणि झरी जामणीच्या पत्रकात ती नाही, हे मला चालत नाही. गावात नेट मिळेलच असं नाही, तेव्हा लिंक देऊन भागत नाही. ज्याला त्याला आपली प्रत लागते.

मजकूर एक्सएमएलमध्ये, पान एक्सएसएलटी बनवते. सोळा प्रतींसाठी स्टाइलशीट सोळा वेळा चालवता येते, पण मला ते पटत नाही. दर खेपेला तळाशी छापलेली वेळ वेगळी पडते, जनरेट-आयडीनं दिलेल्या खुणाही बदलू शकतात. एकाच खेपेत मात्र करंट-डेटटाइम कुठेही विचारा, उत्तर तेच. म्हणून पान एकदाच तयार करून व्हेरिएबलमध्ये ठेवायचं. मग तालुक्यांच्या यादीवर फॉर-ईच, आत रिझल्ट-डॉक्युमेंट, त्याच्या एचरेफमध्ये महिरपी कंसात तालुक्याचा संकेत आणि पोटात फक्त एक कॉपी-ऑफ.

व्हेरिएबल भरता भरताच आतून रिझल्ट-डॉक्युमेंट चालवू पाहिलं, तर प्रोसेसर एक्सटीडीई 1480 देऊन थांबतो. दोन प्रतींना एकच नाव मिळालं, तर 1490. हा दुसरा नियम मला फार मोलाचा वाटतो : यादीत वणी दोनदा पडली, तर दुसरी फाइल पहिलीवर गुपचूप चढून बसत नाही, काम तिथेच अडतं. एक्सएसएलटीच्या 1999 च्या पहिल्या आवृत्तीत अनेक फाइली लिहिण्याची प्रमाण सोयच नव्हती. सॅक्सन या प्रोसेसरची जोडणी वेगळी, झालान या प्रोसेसरची वेगळी. रिझल्ट-डॉक्युमेंट आलं ते जानेवारी 2007 च्या 2.0 मध्ये.

एन्कोडिंगही मी रिझल्ट-डॉक्युमेंटवरच यूटीएफ-8 असं स्पष्ट लिहितो. यूएस-आस्की ठेवलं तर ‘यवतमाळ’मधल्या ‘य’च्या जागी 2351 हा आकडा, मागेपुढे चिन्हं लागून, फाइलीत उतरतो. ब्राउझर त्यातून अक्षर बरोबर दाखवतो. पण तालुक्याला कुणी तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून दवाखान्याचा फोन नंबर बदलायला बसलं, तर त्याला आकड्यांच्या रांगेत ती ओळ सापडायची कशी?