गट नंबर बरोबर, क्षेत्र चुकीचं

पुलाजवळची पाणीपातळीची पेटी आठवते ना? जुलैमधल्या त्या रात्री ती तीनदा बंद पडली. खालच्या वाडीला कळलं ते पाणी उंबऱ्याला लागल्यावर. पुरवठादाराचं म्हणणं मी तेव्हा जसंच्या तसं छापलं होतं : वीज कमीजास्त होते, रीस्टार्ट करा. ते मी तपासलं नव्हतं, हे आज कबूल करतो.

आता खरं कारण सापडलंय. आपल्याच गल्लीतल्या, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या पोराने शोधलं. "काका, सातबारा काढा," म्हणाला, आणि त्यावरूनच समजावलं.

घरातला कॉम्प्युटर सुरू झाला की मेमरी कुठून कुठपर्यंत आहे हे त्याचा बायोस सांगतो. पेटीतल्या लहान एआरएम बोर्डात सहसा असं सांगणारं कुणी नसतं. तिथे लिनक्सच्या कर्नलला एक फाइल लिहून द्यावी लागते. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. मेमरी अमुक पत्त्यावर, सिरीयल पोर्ट तमुक पत्त्यावर. पूर्वी प्रत्येक बोर्डाची ही माहिती कर्नलच्या कोडमध्येच कोंबलेली असायची. २०११ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सनी त्या पसाऱ्यावर जाहीर राग काढला, तेव्हापासून ती वेगळ्या फाइलींत काढायला जोर आला.

या फाइलीत मेमरीपुढे दोन आकडे असतात : सुरुवात आणि लांबी. गट नंबर आणि क्षेत्र म्हणा. आपल्या पेटीत सुरुवात ८०००००००, लांबी ४०००००००. (सोळाच्या पटीतली मोजणी आहे, आपले आठ कोटी-चार कोटी नव्हेत.) अर्थ असा की २ जीबीच्या खुणेपासून पुढे १ जीबी मेमरी. बोर्डावरची चिप मात्र ५१२ एमबीची! लांबी हवी होती २०००००००. मोठ्या बोर्डाची फाइल उचलली आणि ४ चा २ करायचा राहिला, एवढीच गोष्ट.

कर्नल काही मोजणीला जात नाही. तलाठ्याच्या नोंदीसारखा त्या फाइलीवर विश्वास ठेवतो. काही बोर्डांत आधी चालणारा बूटलोडर हा आकडा दुरुस्त करतो, आपल्यात करत नव्हता. अशा चुकीने मशीन सुरूच झालं नाही तर बरं, निदान लगेच कळतं. पण काही बोर्डांवर नसलेल्या मेमरीचा पत्ता फिरून असलेल्याच मेमरीवर येतो. एका प्लॉटची दोघांना खरेदीखतं! कोरड्या दिवसांत पेटीला काम थोडं, दोघं मालक समोरासमोर येत नाहीत. पाऊस वाढला की दर मिनिटाला कॅमेऱ्याचे फोटो, मेमरी भरत जाते, आणि एकाने लिहिलेलं दुसरा पुसतो. मग बंद. रीस्टार्ट केलं की तासभर ठीक.

पोराने आकडा बदलला, मेमरी मुद्दाम भरून दोन दिवस चालवली. पडली नाही.

माझा राग त्या एका आकड्यावर नाही. चूक कुणाकडूनही होते. पण पेटी ताब्यात घेताना तपासणी काय झाली? दिवा लागला, फोटो काढला, सही. मेमरी भरून बघायला पाच मिनिटं लागली असती. फाइल मागितली तर पुरवठादार म्हणतो, गोपनीय आहे. गोपनीय कसली? लिनक्स कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. ज्याला तो विकला त्याला मागितल्यावर कर्नलचा सोर्स द्यावाच लागतो. चालू मशीनमधला डिव्हाइस ट्री तर कुणालाही उघडून वाचता येतो, पोराने तसाच वाचला.

अशा आणखी चार पेट्यांचं टेंडर निघतंय. सोर्स सोबत द्यावा आणि मेमरी भरून चाचणी घ्यावी, या दोन अटी घाला असा अर्ज मी दिलाय. अटी आल्या का, हे बघायला सोमवारी ११ वाजता ऑफिसात जाणार आहे. वाडीतलं कुणी येणार असेल तर खाली कळवा.