पॅलेटवरची ओंबी

पॅलेट! होय, तेच! ज्याच्यावर पोती, खोकी, ड्रम रचतात अन् ज्याच्या पोटात फोर्कलिफ्टचे दोन दांडे शिरतात, ते लाकडी पॅलेट! बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला असाल तर दिवसातून कितीदा तरी तुम्ही त्याला वळसा घालून जाता. मीही जात होतो. सकाळी वर्धा रोडनं कंपनीची बस, दिवसभर डिस्पॅचची चलनं, संध्याकाळी पुन्हा बस. आणि मग एक्स्पोर्टचा कंटेनर भरताना लाकडावर एक शिक्का दिसला. चौकटीत उभी गव्हाची ओंबी! लाकडावर गहू कशाला? शेजारी भारताची खूण, पुढे एक नंबर आणि मग एच अन् टी ही दोन अक्षरं. झालं! तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही!

लाकडातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगतो. सगळं नुकतंच हाती लागलंय. म्हणूनच तुम्हाला सोबत घेतोय. चला!

त्या ओंबीमागे अख्खा एक आंतरराष्ट्रीय नियम आहे! आयएसपीएम १५, २००२ सालचा. आणि तो आला कशामुळे? किड्यामुळे! काळा, अंगावर पांढरे ठिपके, लांबलचक मिशांचा एक आशियाई भुंगा. तो खोक्यांच्या लाकडात बसून समुद्र ओलांडून गेला आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाडं पोखरताना सापडला आणि मग तिथली हजारो झाडं तोडावी लागली. म्हणून आता परदेशी जाणाऱ्या पॅलेट-खोक्यांचं लाकूड आधी तापवायचं. एच अन् टी म्हणजे तेच, हीट ट्रीटमेंट! किती? ५६ अंश! किती वेळ? सलग ३० मिनिटं! आणि खरी गंमत पुढे आहे. हे ५६ अंश भट्टीच्या हवेचे नाहीत, लाकडाच्या गाभ्याचे आहेत! रोडगा वरून करपला तरी आतून कच्चा राहतो ना, तसंच हे. लाकडात भोक पाडून आत तापमापक खुपसतात आणि गाभा ५६ ला पोचला की तिथून पुढे अर्धा तास मोजतात. आपल्या नागपूरचा मे महिना ४५-४६ वर जाऊन सगळ्यांना भाजून काढतो, पण भुंग्याच्या अळीला तोही पुरत नाही!

अजून ऐका! प्लायवूडला हा नियम नाही, कारण डिंक, उष्णता आणि दाबानं ते बनतानाच त्यातले किडे मरतात. शिक्का हातानं रेखाटायचा नाही. आणि रंग? लाल अन् नारिंगी टाळायचे! धोकादायक मालाच्या लेबलांना ते रंग लागतात म्हणून. संत्र्यांच्या नागपुरात नारिंगी टाळायचा! एवढ्याशा शिक्क्यात किती विचार केलाय कुणीतरी!

आणि मग पॅलेटचाच धंदा करावा असं डोक्यात आलं, अन् रविवारी थेट नागपुरातलं लकडगंज! नावातच लाकूड, रस्त्याच्या कडेला आरामशीनी, हवेत भुसा. एका काकाजींना विचारलं, पॅलेट बनवायला काय लागते? त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणाले, "बनवाचं मंग पाहाजा. आदी तुमच्या कंपनीत कोनती पट्टी मोडून राहिली, थे पाहा."

कोणती पट्टी मोडते! एवढा साधा प्रश्न! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मागच्या ढिगाकडे गेलो आणि पाहतो तर काय, बहुतेक पॅलेटची कडेची पट्टी तुटलेली! जिथून फोर्कलिफ्टचा दांडा शिरतो तीच! बाकीचं पॅलेट धडधाकट, आणि ते निघालंय भंगारात, चुलीत जायला!

वहीत चित्र काढलं. १२०० बाय १००० मिलिमीटरचं पॅलेट. मध्ये १२०० बाय ५० बाय ७५ चे तीन लाकडी दांडे, त्यांवर आणि त्यांखाली मिळून १००० बाय १०० बाय २० च्या दहा पट्ट्या. सगळं लाकूड किती? जेमतेम १.२ घनफूट! आणि तुटलेल्या एका पट्टीचं? ०.०७! म्हणजे सतराव्या हिश्शाएवढ्या लाकडासाठी अख्खं पॅलेट चुलीत! मी दोनदा गुणाकार केला!

म्हणजे धंदा नवं पॅलेट बनवण्याचा नाही, दुरुस्तीचा! आणि देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला तो शिक्का लागतच नाही, म्हणजे भट्टी नसतानाही सुरुवात होते! परदेशी जाणाऱ्या पॅलेटचं मात्र वेगळं. साधारण एक तृतीयांशपर्यंत भाग बदलले तर ती दुरुस्ती, पण नव्या पट्ट्या तापवलेल्या आणि वेगळा शिक्का मारलेल्या हव्यात. त्याहून जास्त बदलले तर जुने शिक्के खोडून सगळं पुन्हा भट्टीत. म्हणून आधी देशी पॅलेट. हे मी ठरवून टाकलंय!

नोकरी सोडू का? मुळीच नाही! लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवा. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सुटली, मग मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यंत्रांची ड्रॉइंग शिकवत होते, आणि ती मास्तरकी चालू असतानाच भावाबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान! नोकरी सुटली ती नंतर. कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर सगळं त्याच्याही नंतर, आणि किर्लोस्करवाडी तर १९१० ची. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली, कारण लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं! ती दोन वर्षं पगारावर काढता आली तर किती बरं! माल बनवण्याआधी गिऱ्हाइकाची भीती विचारून घ्यायला नोकरीसारखी जागा नाही, आणि बुटीबोरीत तर टायरपासून धाग्यापर्यंत सगळ्यांचे कारखाने एका वसाहतीत!

एक पथ्य मात्र कडक पाळायचं. कंपनीचे भाव, गिऱ्हाइकांची नावं, चलनं यांना हात लावायचा नाही आणि कामाच्या वेळात वही उघडायची नाही. जेवणाची सुट्टी, बसचा प्रवास, रविवार, एवढं पुष्कळ आहे. उद्यम नोंदणीही ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी रजा लागत नाही!

तर आता तुमचं काम. उद्या ड्यूटीवर गेलात की भंगारातल्या ढिगाशी क्षणभर थांबा आणि कोणती पट्टी तुटलीय ते पाहा. मनात धंद्याचं काही असेल तर आधी आपल्या नेमणूकपत्रातली दुसऱ्या व्यवसायाबद्दलची अट वाचून घ्या आणि मग या रविवारी लकडगंजला!