जालन्याहून समुद्राकडे : ज्येष्ठांच्या पहिल्या क्रूझप्रवासाची तयारी

जालना जिल्ह्याला नद्या आहेत, समुद्र नाही. कुंडलिका, दुधना, पूर्णा आणि दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी ही आपली जलसंपदा. त्यातही पाणी म्हणजे जपून वापरायची वस्तू, हा संस्कार इथल्या प्रत्येक घरावर आहे. घाणेवाडीच्या तलावात किती साठा उरला, हा विषय जालना शहरातील माणसे उन्हाळ्यात जेवताना काढतात. टँकरची वाट पाहण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, अशा आजी-आजोबांना आता मुले म्हणतात, ‘‘चला, तीन दिवस जहाजावर राहून येऊ.’’ चहूकडे पाणीच पाणी, आणि ते मोजण्याची गरज नाही! या कल्पनेने मन हरखते आणि थोडे धास्तावतेही. दोन्ही भावना योग्य आहेत. हरखलेल्या मनाला तयारीची जोड द्यावी आणि धास्तावलेल्या मनाला नेमकी माहिती द्यावी, यासाठी हा लेख.

मुंबईहून निघणारे क्रूझप्रवास आता अपूर्वाईचे राहिलेले नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’चे ‘एम्प्रेस’ हे अकरा मजली जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरात नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. जालन्याच्या घरातून निघून जहाजाच्या खोलीत पोचणे आता एका दिवसात शक्य आहे. मात्र ते एका दिवसातच करावे का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडे पुढे येऊच.

जावे की न जावे?

सर्वांत आधी हा प्रश्न सोडवावा. तिकीट त्यानंतर काढावे. जालन्यात रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर शेजाऱ्याला हाक मारता येते आणि काही मिनिटांत रुग्णालय गाठता येते. भर समुद्रात ती सोय नाही. मोठ्या पर्यटक जहाजावर डॉक्टर, परिचारिका आणि छोटा दवाखाना असतो. प्रथमोपचार, सलाईन, काही तपासण्या तेथे होतात. परंतु शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळचे अतिदक्षता उपचार यांसाठी किनाराच गाठावा लागतो, आणि त्यात कित्येक तास जाऊ शकतात.

म्हणून अलीकडेच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, प्राणवायू किंवा डायलिसिस लागत असेल, फिट्स आटोक्यात नसतील किंवा चालताना वारंवार तोल जात असेल, तर नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : ‘‘दवाखान्यापासून काही तास दूर राहणे मला झेपेल का?’’ ते ‘‘आत्ता नको’’ म्हणाले, तर तो शब्द मानावा. मुलांनी हौसेने पैसे भरले आहेत म्हणून छातीतले दुखणे लपवणारे वडील आणि सुनेचा हिरमोड नको म्हणून चक्कर न सांगणारी आई आपल्या घरांत नवीन नाहीत. काळजीवाहू मंडळींनी यासाठी आई-वडिलांशी एकांतात बोलावे. ‘‘तुम्हाला खरेच यायचे आहे का?’’ या प्रश्नाचे उत्तर चारचौघांत खरे मिळत नाही.

संमती मिळाल्यास डॉक्टरांकडून एक पानभर टिपण लिहून घ्यावे. त्यात आजार, औषधांची मूळ रासायनिक नावे व मात्रा, ॲलर्जी, रक्तगट आणि शेवटच्या ईसीजीची प्रत असावी. काही कंपन्या ठरावीक वयापुढे प्रकृतिप्रमाणपत्र मागतात. ते आरक्षणाच्या वेळीच विचारावे. प्रवासविमा घेताना मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया असे काहीही दडवू नये. दडवलेला आजार हा विम्याचा दावा नाकारण्यास पुरेसे कारण ठरू शकतो. जहाजावरील दवाखान्याचे शुल्क सहसा भाड्यात नसते, हेही ध्यानात ठेवावे.

समुद्राची भीती

जुन्या पिढीच्या मनात ‘रामदास’ बोटीची आठवण अजून आहे. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटींना संतांची नावे देण्याची तेव्हा रीत होती. ज्या समर्थांचे नाव त्या बोटीला होते, त्यांचे जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. ही आठवण उगाच झटकून टाकू नये. तिच्यातून दोन गोष्टी शिकाव्यात.

पहिली, ऋतू पाहून निघावे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ ज्येष्ठांना सर्वांत सुखाचा. समुद्र बहुधा शांत असतो आणि हवेत उकाडा कमी असतो. दुसरी, सुरक्षेची कवायत टाळू नये. प्रवासाच्या प्रारंभीच सर्व प्रवाशांना संकटकाळी कोठे जमायचे ते दाखवतात आणि जीवरक्षक जाकीट कसे घालायचे ते शिकवतात. सात आखूड भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा, हा संकटाचा संकेत असतो. संकटात लिफ्ट वापरायची नसते. गुडघे दुखत असल्यास आपले नाव व खोलीचा क्रमांक कर्मचाऱ्यांकडे त्याच वेळी नोंदवावा, म्हणजे मदतीला कोण येणार हे आधीच ठरते.

जालना ते बंदर

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते बॅलार्ड पिअर हे अंतर टॅक्सीने जेमतेम दोन किलोमीटरांचे आहे. प्रश्न त्याआधीच्या चारशेहून अधिक किलोमीटरांचा. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. आता ती नांदेडहून येते. ती दिवसाची गाडी असून बसून जावे लागते. रात्रीच्या देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसमध्ये आडवे होता येते. आरक्षण करताना वय नीट नोंदवून ज्येष्ठांसाठीचा खालचा बर्थ मागावा. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. मोटारीने जाताना दर दोन तासांनी थांबून दहा मिनिटे चालावे. रेल्वेत बसूनही तासातासाने घोटे फिरवावेत, पोटऱ्या ताणाव्यात. फार वेळ पाय लोंबकळत ठेवल्यास पायांना सूज येते, शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो.

आता मघाचा प्रश्न. रात्रभर गाडीत अर्धवट झोप, सकाळी मुंबईची गर्दी आणि दुपारी बंदरावरच्या तपासणीच्या रांगा, हा क्रम सत्तरीच्या शरीराला जड जातो. गाडीला उशीर झाला तरी जहाज थांबत नाही. म्हणून एक दिवस आधी मुंबई गाठावी आणि मुक्काम करावा. हाताशी वेळ असल्यास भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीतून एक फेरी मारावी. तासाभराच्या या प्रवासात आपल्याला बोट लागते का, याचा थोडाफार अंदाज येतो.

बंदरावर चाकांची खुर्ची हवी असेल, तर आठवडाभर आधी कळवावे. ओळखपत्रावरचे आणि तिकिटावरचे नाव तंतोतंत जुळते आहे ना, हे घरीच पाहावे. ‘‘आधारवर वडिलांचे नाव आहे, तिकिटावर नाही’’ असली उणीव बंदरावर मनस्ताप देते. जहाज परदेशी बंदराला जाणार असेल तर पासपोर्ट, आणि लक्षद्वीपला जाणार असेल तर तेथील प्रवेशपरवाना कोण काढणार, हे विचारून घ्यावे.

खोली कोणती घ्यावी?

जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. बोट लागण्याची धास्ती असणाऱ्यांनी तीच खोली मागावी. आतली खोली स्वस्त असते, पण तिला खिडकी नसते. दिवस-रात्र कळेनाशी झाल्याने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा गोंधळ वाढू शकतो. त्यांच्यासाठी खिडकीची खोली बरी. गॅलरीची खोली घेतल्यास तिचे दार रात्री बंद आहे ना, हे काळजीवाहकाने स्वतः पाहावे. खोली लिफ्टच्या जवळ असावी, पण अगदी लगत नको. आवाजाने झोप मोडते.

न्हाणीघराच्या दाराशी उंबरा असतो. घरच्या उंबऱ्याची सवय पायाला असते, या उंबऱ्याची नसते. त्यात जमीन हलकी हलत असते. रबरी तळव्याची, मागून पट्टा असलेली चप्पल वापरावी. साध्या सपाता घरीच ठेवाव्यात. बॅटरीवरचा छोटा रात्रदिवा न्यावा. जिन्यात आणि बोळात कठडा धरूनच चालावे. अपंगांसाठीच्या, उंबरा नसलेल्या आणि आधाराच्या दांड्या बसवलेल्या खोल्या थोड्याच असतात. त्या लवकर आरक्षित कराव्या लागतात.

बोट लागली तर?

वाढत्या वयात बोट लागण्याचे प्रमाण सहसा कमी होते, ही दिलासा देणारी गोष्ट. तरीही मळमळ सुरू झाल्यास डेकवर मोकळ्या हवेत बसावे आणि नजर दूर क्षितिजावर ठेवावी. पुस्तक किंवा मोबाईल डोळ्यांसमोर धरू नये. पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको. कोरडी पोळी, बिस्कीट, आल्याचा छोटा तुकडा चालतो.

गोळीबाबत मात्र सावध राहावे. उलटी थांबवणाऱ्या नेहमीच्या अनेक गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, तोंड कोरडे पडते, तोल जातो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना लघवी अडण्याची आणि काचबिंदूच्या काही रुग्णांना डोळ्यावरचा दाब वाढण्याची भीती असते. कंपवाताच्या रुग्णाला काही गोळ्या वर्ज्यच असतात. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपण घेऊ नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच ती पिशवीत ठेवावी. उलट्या थांबत नसतील तर रक्तदाबाची किंवा मधुमेहाची पुढची गोळी घेण्याआधी जहाजावरच्या डॉक्टरांना दाखवावे.

औषधे आणि आहार

मोठे सामान बंदरावर ताब्यात घेतात आणि ते खोलीत कित्येक तासांनी पोचते. म्हणून सर्व औषधे, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीतच असावेत. औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार दिवसांची अधिक घ्यावीत. इन्सुलिन उन्हात तापू नये आणि बर्फाला चिकटून गोठूही नये. थंडाव्याच्या पिशवीत, मध्ये कापड घालून न्यावे. खोलीतल्या फ्रीजची थंडी पुरेशी असेलच असे नाही. शंका वाटल्यास जहाजाच्या दवाखान्यात ठेवण्याविषयी विचारावे.

जहाजावर खाद्यपदार्थांची रेलचेल असते. मधुमेहींनी आधी सगळी फेरी मारून पाहावे, मग ताट वाढून घ्यावे. ज्वारीची भाकरी मिळेलच असे नाही. चार दिवस मैदा आणि पाव खाऊन पोट साफ होत नाही. पाणी, फळे आणि ताक यांकडे लक्ष द्यावे. शाकाहार, जैन आहार, एकादशीचा उपास हे आरक्षणाच्या वेळीच सांगावे. घरचे शिजवलेले अन्न सहसा वर नेऊ देत नाहीत. जेवणाआधी साबणाने हात धुवावेत; जहाजावर पसरणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंना नुसते सॅनिटायझर पुरत नाही.

निरांजन, उदबत्ती, इस्त्री, पाण्याची किटली यांना आगीच्या भीतीने मनाई असते. देवापुढे बॅटरीचा दिवा लावावा. सूर्योदय तर समुद्रातूनच समोर येतो.

काळजीवाहकांसाठी

किनारा दूर गेला की मोबाईल बंद पडतो. घरी कोणाला कोणत्या दिवशी फोन येईल, हे आधीच सांगावे. समुद्रातील रोमिंगचे दर जबर असतात, म्हणून फोन ‘एअरप्लेन मोड’वर टाकावा. विसराळू आई-वडिलांच्या गळ्यात नाव, खोलीचा क्रमांक आणि आजार लिहिलेले कार्ड असावे; सगळी दारे सारखीच दिसतात, म्हणून परवानगी असल्यास आपल्या दाराला रंगीत फीत बांधावी. काही ठिकाणी, विशेषतः लक्षद्वीपला, जहाजातून लहान होडीत उतरावे लागते. हलत्या पायरीवरून ती उतरचढ गुडघ्यांना झेपणार नसेल, तर त्या दिवशी जहाजावरच थांबण्यात काही कमीपणा नाही. डेक तेव्हा रिकामा असतो आणि समुद्र तोच असतो. दोघांनी आळीपाळीने सोबत करावी. चोवीस तास जागणारी लेक किंवा सून परतताना स्वतःच आजारी पडते. प्रवास तिचाही आहे.

निघण्यापूर्वी विचारायचे पाच प्रश्न

१. भाड्यात काय काय समाविष्ट नाही?
२. जहाजावर डॉक्टर किती वेळ उपलब्ध असतात?
३. कोणत्या बंदरात धक्क्यावर उतरायचे आणि कोठे होडीने?
४. प्रकृतीमुळे प्रवास रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते?
५. चाकांची खुर्ची खोलीच्या आत जाते का?

या पाचही प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत, डॉक्टरांचे टिपण पिशवीत ठेवावे आणि मग निश्चिंत मनाने निघावे. ज्यांनी आयुष्यभर घागरी मोजल्या, त्यांनी एक संध्याकाळ डेकवरच्या खुर्चीत बसून न मोजता पाणी पाहावे. तेवढा हक्क त्यांनी नक्कीच कमावला आहे.